एक वीत डावीकडे

३ मार्च, सोमवार. संध्याकाळी, चहा झाल्यावर.

आजपासून रोजनिशी. मी सांगणार, हे लिहिणार. मला अक्षर येत नाही आणि यांना रिटायर झाल्यापासून काम नाही. अट एकच: लिहायचं, वाचायचं नाही. हे म्हणाले, न वाचता लिहायचं कसं? मी म्हटलं, पस्तीस वर्षं तिकीट खिडकीत बसलात, हजारो लोकांना कुठे कुठे पाठवलंत, स्वतः गेलात का? तसंच.

दुसरी अट. ‘हे लिहू नका’ म्हटलं की लिहायचं नाही.

(हेही लिहिलं. हात थांबलाच नाही.)

कारण असं. आमच्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत नवीन मॅडम आल्या आहेत. दर बुधवारी अर्धा तास मशिनं बंद. त्याचं नाव अनुभव कट्टा. ज्याला जे येतं ते त्याने सगळ्यांना सांगायचं. मॅडम म्हणतात, इथे प्रत्येकाच्या डोक्यात एकेक कपाट आहे आणि किल्ली घेऊन माणूस रिटायर होतो. बोलताना माझ्याकडे बघत होत्या. मी येत्या डिसेंबरात रिटायर.

मी ठरवलं आहे. पहिल्याच बुधवारी कपाट सताड उघडणार. मी मुळात सढळ हाताची.

५ मार्च, बुधवार.

कट्टा झाला. वीस माणसं, स्टुलं कमी पडली. मॅडमनी भिंत रिकामी केली आहे. जो सांगेल त्याचं पिवळ्या चिठ्ठीवर लिहून, खाली नाव घालून चिकटवायचं. एकदा चिठ्ठी लागली की त्यावर परत चर्चा नाही, येता-जाता वाचायचं. मी येता-जाता चष्मा लावून उभी राहीन. आत्तापर्यंत कुणाला कळलेलं नाही, शिडी सोडून.

शिडी म्हणजे माझी मैत्रीण. उंच आहे म्हणून मी शिडी म्हणते, ती मला स्टूल म्हणते. बाकी सगळी लाँड्री मला आजी म्हणते. शिडी मळकीत असते. मळकी म्हणजे वॉर्डातून आलेले घाण कपडे निवडायची खोली. तिने आज एका दमात पाच गोष्टी सांगितल्या. रक्ताला गरम पाणी दाखवायचं नाही. डॉक्टरांच्या कोटाचा वरचा खिसा आधी तपासायचा, पेन तिथेच फुटतं. असं बरंच. मॅडमच्या चिठ्ठ्या संपत आल्या.

मग माझी पाळी. मी सांगणार होते. तोंडही उघडलं. आणि सांगितलं की चादरीची घडी एकटीने घालायची असेल तर वरची कड हनुवटीखाली धरावी.

टाळ्या बऱ्या पडल्या.

हनुवटीचंही महत्त्व आहे. लोकांना वाटतं नाही.

६ मार्च, गुरुवार.

यांनी विचारलं, सांगणार होतीस ते काय? लिहिणाऱ्याने विचारायचं नसतं. पण एकदा सांगून टाकते म्हणजे मन मोकळं होईल.

मी रुळावर आहे. रूळ म्हणजे मोठी इस्त्री. पलंगाएवढा रुंद, गरम, फिरत राहतो. आपण पुढून ओली चादर लावायची, मागून कोरडी, सपाट बाहेर येते. पण आमचा रूळ जुना, उजव्या अंगाला किंचित बसलेला. चादर मधोमध लावली की उजवीकडे चूण पडते आणि त्यावरून रूळ फिरला की ती पक्की होते. वॉर्डातले लोक अशी चादर परत पाठवतात. जो माणूस महिनामहिना पाठीवर पडून आहे त्याला ती चूण खिळ्यासारखी लागते.

मला पहिल्याच वर्षी कळलं. चादर एक वीत डावीकडे लावायची. बस. रूळ लोण्यासारखा चालतो.

हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

शिडीने विचारलं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी ती आणि मी दोघी रुळावर होतो, आळीपाळीने. वरून हुकूम आला की सकाळच्या पाळीला रुळावर एकच बाई राहील, दुसरी मळकीत. मुकादम म्हणाले, महिनाभर बघतो कुणाच्या चादरी परत येतात. शिडी मला म्हणाली, अगं स्टूल, तुझ्या कशा गं सरळ निघतात? मी म्हटलं, हाताचा गुण असतो एकेकाचा.

हे लिहू नका.

ती मळकीत गेली. तेव्हापासून तिथेच. औषधाच्या पाण्याने तिचे हात भेगाळतात. मी दर महिन्याला तिला मलमाची डबी नेऊन देते, एक महिना चुकवलेला नाही. एवढं कोण करतं?

१० मार्च, सोमवार.

नवीचं सांगायचं राहिलं. नवी म्हणजे दुपारी रुळावर येते ती. दोन लहान मुलं घरी, नवरा दूरच्या कामावर. तीस एप्रिलपर्यंत तिची परीक्षा. तोवर चादरी परत येणं थांबलं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी. मागच्या आठवड्यात तिच्या चाळीस चादरी परत आल्या. मुकादम सगळ्यांसमोर म्हणाले, बाई, तुम्ही इस्त्री करता की पापड लाटता?

आज ती लवकर आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. म्हणाली, आजी, बघू का जरा तुम्ही कसं लावता?

बघ की, म्हटलं. आणि दोन चादरी मधोमध लावल्या.

दोन्हींना चूण पडली. मी म्हटलं, अरेच्चा. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

का केलं असं, ते मला सांगता येत नाही. हात आपोआप गेला. वयामुळे होतं.

बुधवारी नक्की सांगणार.

१२ मार्च, बुधवार.

आज सांगितलं की रुळाजवळ काम करताना तहान लागायच्या आधी पाणी प्यावं.

सगळ्यांना हे माहीत होतं.

मला माझं एक कळत नाही. एकतीस वर्षं मी तिथे कोण आहे? रुळाची आजी. मॅडमना हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितलं, या बाईच्या हातात जादू आहे. आता जादू म्हणजे एक वीत, हे भिंतीवर चिकटवलं की मग मी कोण? वीतभर बाई. यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? यांनी पेनाला टोपण लावलं. हे रागावले की टोपण लावतात. मीच काढून दिलं.

नवी जेवायच्या सुट्टीत जेवली नाही. रुळासमोर उभी राहून हातवारे करत होती, चादर नसताना. मी डबा खाल्ला.

१७ मार्च, सोमवार.

निश्चय पक्का. येत्या बुधवारी. यांच्यासमोर पाठ केलं. ‘मंडळी, आज मी तुम्हाला एक साधी गोष्ट सांगणार आहे.’ हे म्हणाले, इथवर छान आहे, पुढे? पुढचं तिथे गेल्यावर येईल.

शिडीलाही सांगितलं की बुधवारी मी काहीतरी मोठं सांगणार आहे. ती म्हणाली, बरं. मी म्हटलं, विचारत नाहीस काय ते? म्हणाली, बुधवारी कळेलच की.

एकोणीस वर्षांत ही बाई मला एक वाकडा शब्द बोललेली नाही. शिव्या दिल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

१९ मार्च, बुधवार. सकाळी सात.

दाढ दुखते आहे. डावी. मुळापासून. काल दिवसभर ठणकत होती, सगळ्यांनी पाहिलं. आज जाता येणार नाही. नेमका आजच कट्टा, याला काय म्हणावं.

सकाळी साडेनऊ. बरं वाटतंय. पण आता निघून पोचेपर्यंत कट्टा संपेल.

२० मार्च, गुरुवार.

काय माणसं आहेत आमची! एक दिवस गेले नाही तर किती कदर. दारातच धुलाईवाले काका म्हणाले, आजी, मानलं तुम्हाला. घड्या घालणाऱ्या दोघी म्हणाल्या, इतकं साधं आणि आम्हाला सुचलं नाही. मी म्हटलं, साधंच सुचायला वय लागतं.

हनुवटीचं आहे हे. मला वाटलंच होतं, त्याची किंमत कळायला पंधरा दिवस लागतील.

दुपारी नवी आली ती माझ्यासाठी चहा घेऊन. स्वतःच्या थर्मासच्या झाकणात. हात धरला आणि म्हणाली, आजी, तुमचे उपकार. पुढे तिला बोलवेना. दोन चादरी आठवल्या. चहात साखर जास्त होती, तरी प्यायले.

शिडीला विचारलं, काल कट्ट्यावर काय झालं? म्हणाली, एक चिठ्ठी लागली. दाढ कशी आहे? म्हटलं, बरी आहे. म्हणाली, डावी का? म्हटलं, हो. म्हणाली, जप हो.

२७ मार्च, गुरुवार.

नवलच. या आठवड्यात नवीच्या फक्त तीन चादरी परत आल्या. कारणं मी विचार करून काढली. एक, हवा कोरडी आहे. दोन, चादरींचा नवीन गठ्ठा आला आहे, कापड जड आहे. तीन, माणूस माझ्या शेजारी उभा राहिला की त्याच्यात काहीतरी उतरतंच.

म्हणजे न सांगताही ज्ञान पोचतं. मॅडमना हे सांगायला हवं. सांगितलंही. त्या म्हणाल्या, आजी, तुमचा विनय मला फार आवडतो.

म्हणजे आता मुद्दाम सांगायची तशी गरज राहिली नाही. हलकं वाटायला हवं होतं. रात्रीचं जेवण मात्र कमी गेलं.

२ एप्रिल, बुधवार.

आज मॅडमनी भिंतीपाशी माझा फोटो काढला. एका चिठ्ठीवर बोट ठेवायला लावलं. मी विचारलं, ही माझीच ना? म्हणाल्या, अहो तुमचीच, दुसऱ्या कुणाची! मी चष्मा सारखा केला आणि तीन ओळी होत्या तेवढा वेळ बघितलं. हनुवटीवर तीन ओळी, म्हणजे मॅडमनी स्वतःचंही काही घातलं असणार. सुशिक्षित लोकांना थोडक्यात लिहिता येत नाही.

फोटो हेड ऑफिसला जाणार आहे. सगळ्या शाखांच्या लाँड्र्यांत लागणार. यांना सांगितलं. हे म्हणाले, कसली युक्ती? मी म्हटलं, हनुवटी. यांनी हनुवटी खाजवली.

मागे मळकीच्या दारातून शिडी बघत होती. हातमोजे काढून उभी. हात लालभडक. फोटोत ती यायला नको म्हणून मॅडमनी तिला जरा बाजूला व्हा म्हटलं.

ती झाली.

९ एप्रिल, बुधवार.

नवीच्या चादरी: शून्य परत.

मला आनंद झाला आहे. हे लिहा. मोठ्या अक्षरात लिहा.

मुकादम म्हणाले, आजी, आता तुम्ही आणि ती, दोन्ही हात सारखेच. चांगल्या मनाने म्हणाले. मी घरी येऊन अर्धा तास भांडी घासली. घासलेलीच होती.

आता एकच काम उरलं. शिडीला खरं सांगणं. नवीचं देवाने परस्पर भागवलं, शिडीचं मला बघायला हवं. येत्या सोमवारी, घरी जाताना, फाटकापाशी.

१४ एप्रिल, सोमवार.

फाटकापाशी गर्दी होती.

१७ एप्रिल, गुरुवार.

गर्दी नव्हती. पण तिला घाई होती. तिला नसली तरी मला होती.

मलमाची डबी दिली. या वेळी मोठी.

२३ एप्रिल, बुधवार.

मॅडमनी जाहीर केलं. तीस तारखेला कट्ट्याचा छोटा समारंभ. सगळ्यात उपयोगी चिठ्ठीला बक्षीस. कुणाला ते सांगितलं नाही, पण सगळ्यांनी माना माझ्याकडे वळवल्या. मी खाली बघितलं. खाली बघायचा सराव झाला आहे.

ठरलं. समारंभातच, बक्षीस हातात घेऊन, सगळ्यांसमोर म्हणणार: मंडळी, हनुवटी विसरा. खरी गोष्ट वेगळीच आहे. मग सगळं सांगणार, शिडीचंही. तिला पुढे बोलावणार. बक्षीस तिच्या हातात देणार. लोक रडतील. मीही रडेन, पण बेताने.

हे म्हणाले, हे छान होईल. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी छान म्हणाले. म्हणजे आता माघार नाही.

३० एप्रिल, बुधवार. संध्याकाळी.

यांना म्हटलं, सावकाश सांगते, सावकाश लिहा.

नवीन साडी नेसून गेले. स्टुलं मांडलेली. नवीला कागद मिळाला, नोकरी पक्की. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी सर्वांत जोरात. मग मॅडम म्हणाल्या, आता सगळ्यात उपयोगी चिठ्ठी, आणि भिंतीवरून एक पिवळी चिठ्ठी काढून मोठ्याने वाचली.

“आपला रूळ उजवीकडे थोडा बसका आहे. चादर मधोमध न लावता एक वीत डावीकडे लावावी. म्हणजे चूण पडत नाही. सांगणार: आजी, रूळ.”

मला वाटलं मॅडम माझ्या डोक्यातलं वाचताहेत.

मॅडम म्हणाल्या, एकोणीस मार्चला आजींची दाढ दुखत होती, तरीसुद्धा त्यांनी मैत्रिणीबरोबर हा निरोप पाठवला. याला म्हणतात आपल्याकडचं दुसऱ्याला देणं. मग नवी उठली. म्हणाली, आणि आजींनी त्याआधीच मला शिकवलं होतं हो! मुद्दाम दोन चादरी मधोमध लावून खराब करून दाखवल्या, कसं करायचं नाही ते कळावं म्हणून. मला वेडीला तेव्हा उमगलंच नाही.

सगळे उभे राहिले. बक्षीस थर्मास आहे. माझ्या हातात दिला. मला बोलायला सांगितलं.

‘मंडळी, आज मी तुम्हाला एक साधी गोष्ट सांगणार आहे.’ एवढं आलं. पुढचं तिथे गेल्यावर येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी म्हटलं, आभारी आहे. आणि बसले.

सहा आठवडे. रोज त्या भिंतीसमोर चष्मा लावून उभी राहत होते. त्या चिठ्ठीवर बोट ठेवून फोटो काढला.

थोडं पाणी आणा हो. नाही, लिहू नका, आणा.

मग मी मळकीत गेले. शिडी उशांचे अभ्रे निवडत होती. समारंभाला आलीच नव्हती. मी दारात उभी. म्हटलं, तुला कधीपासून माहीत होतं?

म्हणाली, इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी. अगं स्टूल, तू इस्त्री केलेल्या चादरी मळून माझ्याकडेच येतात ना? तुझ्या चादरीची डावी कड रुळाच्या टोकाला घासते, तिथे चकाकी असते. दुसऱ्या कुणाच्या चादरीला नसते. चादरी निवडता निवडता कळतं सगळं. कोण आजारी, कोण रडलं, कोण सरळ आणि कोण एक वीत डावीकडे.

मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस मुकादमांना? परत आली असतीस रुळावर. म्हणाली, मग तुला इथे यावं लागलं असतं. तुला हा वास झेपला नसता, दोन दिवसांत पडली असतीस.

आणि मला तरी बोलायचंस, म्हटलं. ती म्हणाली, वाट बघत होते. वाटायचं, आज सांगेल, उद्या सांगेल. पण दर महिन्याला तुझं मलमच यायचं.

मी विचारलं, मलमाने बरं वाटतं ना गं? म्हणाली, हाताला झोंबतं. मी दारांच्या बिजागऱ्यांना लावते. एकोणीस वर्षांत आमच्या घरात एक दार कुरकुरलेलं नाही.

ती हसली. मला हसता येईना.

मी म्हटलं, चिठ्ठी माझ्या नावाने का लावलीस? म्हणाली, त्या पोरीची नोकरी जात होती. आणि तू यायची नाहीस हे मला मंगळवारीच कळलं होतं. दिवसभर गालाला हात लावून बसलीस आणि सुट्टीत कडक टोस्ट त्याच दाढेने खाल्लास. माझं नाव घातलं असतं तर मॅडमनी विचारलं असतं, मळकीतल्या बाईला रुळाचं कसं कळलं? मग एकोणीस वर्षांचं काढायला लागलं असतं. तेवढी मोठी भिंत कुठे आहे आपली? म्हटलं, स्टूलने सांगितलं असं होऊन जाऊ दे. नंतर कधीतरी तूच मला सांगशील.

मी थर्मास पुढे केला. हा तुझा, म्हटलं.

म्हणाली, ठेव तिथे. हात ओले आहेत.

२ मे, शुक्रवार.

यांना एक पिवळी चिठ्ठी आणायला लावली. लिहून घेतलं: “वरची युक्ती मला तीस वर्षं माहीत होती. मी कुणाला सांगितली नाही. मैत्रिणीने विचारलं तेव्हाही नाही. चिठ्ठी तिने लावली. बक्षीस तिचं. सांगणार: आजी, रूळ.” यांना दोनदा वाचून दाखवायला लावलं. लिहायचं, वाचायचं नाही ही अट आजच्यापुरती उठवली.

छान झाली आहे. चार ओळी. येत्या बुधवारी कट्ट्यावर स्वतःच्या हाताने लावणार. या वेळी काही झालं तरी.

चिठ्ठी पिशवीत ठेवली आहे, चष्म्याच्या घरात.

७ मे, बुधवार. सकाळी सात.

दाढ दुखते आहे. या वेळी खरंच. यांना म्हटलं, लिहा, खरंच.

यांनी लिहिलं. टोपण लावलं नाही. विचारलं, कुठली?

म्हटलं, उजवी.

म्हणाले, मागच्या वेळी डावी होती.

मी म्हटलं, तुम्ही वाचता वाटतं? म्हणाले, वाचायचं नाही एवढंच ठरलं होतं. विसरायचं असं काही ठरलं नव्हतं.

माझी पिशवी त्यांनी दाराशी नेऊन ठेवली आहे.